लवाटेबाईंचा निवृत्त राउटर

"आजी, तुमच्या माळ्यावर एखादा मेलेला राउटर आहे का?"

प्रश्न विचारून झाल्यावर अस्मिता दातारने डोळे गच्च मिटून घेतले. जिन्याच्या वळणावर रझिया आणि तेजस भिंतीला पालीसारखे चिकटून ऐकत होते, त्यामुळे आता माघार नव्हती. दहावीची परीक्षा संपल्यापासून 'विचारून दाखव' हा त्या तिघांचा एकमेव उद्योग होता. रझियाने रसवंतीवाल्याला "तुम्ही स्वतः हा रस पिता का?" असं विचारलं होतं. तेजसने वाचनालयातल्या काकांना "इथलं सगळ्यात कंटाळवाणं पुस्तक कुठलं?" असं विचारून सभासदत्व जवळजवळ घालवलं होतं. अस्मिताच्या वाट्याला आल्या लवाटेबाई. पहिला मजला, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि बेलच्या वर सूचना : 'एकदाच वाजवावी. ऐकू येते.'

"मेलेला नाही," लवाटेबाई म्हणाल्या. "निवृत्त आहे. माझ्यासारखा. चालतो, पण कोणी विचारत नाही. तुला कशाला हवाय?"

"लॅब करायचीय, आजी. घरीच, जुन्या वस्तूंची. राउटिंग शिकायचंय."

"म्हणजे काय ते सांग."

अस्मिताने एक डोळा उघडला. गेल्या महिनाभरात हा प्रश्न उत्तर ऐकण्यासाठी विचारणारं हे पहिलंच माणूस होतं. मग तिने दुसराही उघडला.

"म्हणजे बघा, आपण कर्वेनगरात कुणाचं घर शोधत असलो तर कोपऱ्यावरच्या माणसाला ते घर माहीत नसतं. पण तो म्हणतो, पुढे जा, गिरणीपाशी विचारा. गिरणीवाला म्हणतो, मागच्या गल्लीत जा, तिथे विचारा. प्रत्येकाला फक्त पुढचा माणूस माहीत असतो, तरी आपण पोचतो. इंटरनेटवर निरोप असाच जातो. राउटर म्हणजे तो कोपऱ्यावरचा माणूस. मला असे तीन हवेत."

"पुण्यात कोपऱ्यावरचा माणूस इतकं सांगतो?"

"सांगतो, आजी. आधी आपली अक्कल काढतो, मग सांगतो."

लवाटेबाईंच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. जिन्यात रझियाने तेजसला चिमटा काढला, कारण लवाटेबाई हसल्याची नोंद त्या इमारतीत नव्हती. बाई आत गेल्या आणि राउटर घेऊन आल्या. तो मूळ खोक्यात होता, खोकं पिशवीत होतं आणि पिशवीला गाठ होती.

"देत नाहीये, वापरायला देतेय," त्या म्हणाल्या. "दोन अटी. वायफायचं नाव बदलायचं नाही आणि पासवर्ड बदलायचा नाही. दोन्ही मला पाठ आहेत, आणि सत्तरीनंतर नवीन पाठांतर मी बंद केलंय. नवा राउटर बसवायला आला होता त्यालाही मी हेच सांगितलं. जुनंच नाव, जुनाच पासवर्ड घाल. घरातल्या वस्तूंना सवय आहे."

अस्मिताने आनंदाने मान डोलावली. बाईंच्या शेवटच्या दोन वाक्यांकडे तिने नीट लक्ष दिलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दुसरा राउटर तिसऱ्या मजल्यावरच्या प्रज्ञेशदादाकडे मिळाला. तो हिंजवडीतल्या कंपनीचं काम घरातूनच करायचा आणि त्याच्या घरात मोबाइलवरून पेटणारे अकरा बल्ब होते. "घेऊन जा," तो म्हणाला, "पण नाव-पासवर्डला हात लावू नकोस हं. अकरा बल्बना परत नवीन नाव कोण शिकवत बसणार? नव्या राउटरला पण मी तेच नाव ठेवलंय. हा माझा बॅकअप आहे." तिसरा राउटर अस्मिताच्या घरच्याच माळ्यावर होता, आणि तिच्या बाबांनी, आमोद दातारांनी, त्यावर स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावली होती : 'चालू स्थितीत. सेटिंग बदलू नये.'

वायरी रझियाने आणल्या. तिच्या दादाजींचा, अल्लाबक्ष यांचा, जुन्या बाजारात जुन्या इलेक्ट्रिक मालाचा गाळा होता. त्यांनी सहा वायरींचं भेंडोळं तिच्या हातात ठेवलं होतं. "दादाजी म्हणालेत, यातल्या पाच चालू आहेत, एक बंद आहे," रझिया म्हणाली. "मी विचारलं, कुठली? तर म्हणाले, मैत्रिणीला शिकायचंय ना? मग शोधू दे की." लॅपटॉप मावशीचा जुना होता. त्याचं झाकण पुस्तकांच्या टेकूशिवाय उभं राहत नसे, म्हणून त्यामागे जीवशास्त्राचा जाडजूड गाइड ठेवला होता. अस्मिताच्या मते त्या गाइडचा तो पहिला खरा उपयोग होता.

बाबांचं मत वेगळं होतं. आमोद दातार बँकेत अधिकारी होते, मृद्गंध सोसायटीचे नऊ वर्षं सचिव होते, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा दुखायला लागल्यापासून घरात एक डॉक्टर हवाच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"अकरावीचा फॉर्म पुढच्या सोमवारी भरायचाय," ते म्हणाले. "जीवशास्त्र घे. क्लासमध्ये जागा धरून ठेवलीय."

"बाबा, मला जीवशास्त्राऐवजी कॉम्प्युटर सायन्स हवंय."

"खेळ वेगळा, विषय वेगळा."

"हा खेळ नाहीये! तुम्ही बघा तरी. तीन राउटर जोडून पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत निरोप पाठवून दाखवते."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने ताटातल्या मटकीकडे पाहिलं. मग बाबांनी सोसायटीत जे करायचे तेच घरात केलं. अट घातली.

"ठीक आहे. सोमवारपर्यंत कर तुझी लॅब. पण तुझ्या या उद्योगामुळे तक्रारवहीत एक, फक्त एक तक्रार आली, तर लॅब माळ्यावर आणि तू क्लासमध्ये. नाही आली, तर तू म्हणशील तो विषय."

"चालेल!" अस्मिता इतक्या जोरात म्हणाली की बाबांना आपण काही विसरलो की काय, अशी शंका आली.

ती उगाच खूष झाली नव्हती. मृद्गंध सोसायटीत तोंडी तक्रार घेतली जात नसे. तक्रारवही खाली वॉचमन दत्तोबांच्या टेबलाला दोरीने बांधलेली होती आणि ती फक्त रविवारी दहा ते बारा उघडत असे. क्रमांक, तक्रार, कारण, निवारण, सही असे पाच रकाने बाबांनी स्वतः पट्टीने आखले होते. तक्रारदाराने कारणही स्वतःच लिहायचं, असा नियम होता. त्यामुळे गेल्या दोन वर्षांत वहीत एकही तक्रार आली नव्हती, आणि आपला कारभार उत्तम चालला आहे, असं बाबा समजत होते.

जेवणघरातल्या टेबलावर, फ्रिजच्या आडोशाला लॅब उभी राहिली. बंद वायर दुसऱ्या दिवशी सापडली. पहिला राउटर दुसऱ्याशी बोलू लागला, दुसरा तिसऱ्याशी. पण पहिल्याकडून तिसऱ्याला 'आहेस का?' असा निरोप पाठवला, की उत्तर येईना. लॅपटॉप तेवढ्याच शांतपणे सांगायचा : उत्तर नाही. अस्मिताने रस्ता दहा वेळा तपासला. पहिल्याला सांगितलं होतं, तिसऱ्याकडे जायचं तर दुसऱ्याला विचार. दुसऱ्याला तिसरा माहीतच होता. निरोप जात होता. मग अडत कुठे होतं?

"तिसऱ्याचं तुझ्याशी भांडण असेल," रझिया फोनवर म्हणाली.

"तिसरा आमच्याच घरचा आहे."

"मग नक्कीच असेल."

असे दहा दिवस गेले. शनिवारी संध्याकाळी आई जेवणघराच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात सोऱ्या होता.

"टेबल रिकामं कर. उद्या सकाळी कुरडया घालायच्यात."

"आई, प्लीज! उद्याचा एकच दिवस उरलाय!"

"गहू तीन दिवस भिजलाय. तो तुझ्यासाठी थांबणार नाही."

यावर वाद नव्हता. अस्मिताने लॅब उचलली आणि जागा सापडेल तिथे मांडली. लवाटेबाईंचा राउटर बेडरूममध्ये पलंगाखाली गेला. त्याच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, लवाटेबाईंची बसायची खोली होती. प्रज्ञेशदादाचा राउटर बेडरूमच्या माळ्यावर चढला. त्याच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर, प्रज्ञेशदादाचं कामाचं टेबल होतं. घरचा राउटर हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर बसला, बाबांच्या खुर्चीपासून तीन हातांवर. भिंतीच्या कडेकडेने वायरी पसरून अस्मिताने तिन्ही राउटर सुरू केले. सकाळी उठून पाहते तर तिघांचेही दिवे असे काही लुकलुकत होते, की तिला वाटलं, जागा मानवली यांना.

त्या रविवारी अकरा वाजता सोसायटीची सभा होती. सभा नेहमी पार्किंगमध्ये व्हायची, पण मे महिना होता आणि बाबांनी परिपत्रक काढलं होतं : 'पार्किंगमध्ये पंखा नाही. इंटरनेट सोळाही घरांत आहे. सबब सभा ऑनलाइन होईल.' एकाच इमारतीतली सोळा घरं एकमेकांना मोबाइलवर भेटणार होती. सभेची लिंक प्रज्ञेशदादाच्या लॅपटॉपवरून चालणार होती, कारण तो कॉम्प्युटरवाला. बाबा इस्त्रीचा शर्ट आणि पायजमा अशा वेशात, नाकावर वाचायचा चष्मा लावून, कागद हातात घेऊन हॉलमध्ये बसले. त्या चष्म्यातून त्यांना कागद स्वच्छ दिसत असे आणि कागदापलीकडचं जग अंधुक.

"मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवतो," बाबांनी सुरुवात केली आणि मान कागदात घातली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी खालून हाक आली. "अस्मिता!"

एकच हाक. अस्मिता दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पोचली. लवाटेबाई टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुझे बाबा तोंड उघडं ठेवून थांबलेत. बरे आहेत ना ते?"

"आजी, ते अडकलेत. म्हणजे चित्र अडकलंय." अस्मिताने टॅब हातात घेतला. वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, आणि इंटरनेट नाही. हे काय प्रकरण? ती टॅब घेऊन खोलीभर फिरली. नाही. दाराबाहेर जिन्यात आली, आणि इंटरनेट आलं.

"आजी, तुमच्या हॉलमध्ये काहीतरी गडबड आहे. तुम्ही जिन्यात बसता का?"

"चाळीस वर्षं मुलांना वर्गाबाहेर उभं केलं," लवाटेबाई खुर्ची उचलत म्हणाल्या. "फेड म्हणायची."

तेवढ्यात वरून प्रज्ञेशदादा धडधडत खाली आला. वर कडक शर्ट, खाली हाफ पँट. "अस्मिता, आपलं नेट गेलंय का गं? माझा लॅपटॉप मेला, आणि बेडरूमचा बल्ब जांभळा होऊन बसलाय, बंदच होत नाहीये!"

"दादा, जिन्यात बस. इथे येतंय."

"अगं पण सभा माझ्या लॅपटॉपवरून चालू होती. मी गेलो म्हणजे सगळेच बाहेर फेकले गेले असणार."

आणि तसंच झालं होतं. एकेक दार उघडू लागलं. "तुमच्याकडे दिसतंय का?" "आमचे हे म्हणतात, बिल राहिलं असेल." "बिल नाही राहिलं, सभाच गेली!" काय झालं ते विचारायला आलेला प्रत्येक माणूस जिन्यात गर्दी बघून तिथेच टेकला. पंधरा मिनिटांत पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत पायरी-पायरीवर सभासद बसले होते. कुणीतरी पन्ह्याचा तांब्या आणला. दत्तोबा गेट सोडून बघायला आले आणि कठड्याला टेकले.

"सभा चालू हाय का संपली?" त्यांनी विचारलं.

"आता बसलोच आहोत तर घेऊन टाकू," लवाटेबाई म्हणाल्या. "विषय कुठला होता? लिफ्टमधला आरसा. कोणाला हवाय?"

नऊ जणांना हवा होता. आरसा मंजूर झाला. पार्किंगमधली बेवारस सायकल दत्तोबांना द्यायची ठरली. ती आपलीच आहे, असं कबूल करायला तळमजल्यावरचे सर्जेराव काका तयार नव्हते, कारण मग ती हलवावी लागली असती. सगळे एकमेकांचं तोंड बघून बोलत होते, त्यामुळे भांडणंसुद्धा लवकर मिटत होती.

"पण सचिव कुठे आहेत?" सर्जेराव काकांनी विचारलं.

"आत आहेत," अस्मिता म्हणाली. "ऑनलाइन."

तिने दार ढकलून आत पाहिलं. बाबा कागद वाचत होते. "विषय क्रमांक तीन. लिफ्टमध्ये आरसा बसवणे. माझ्या मते अनावश्यक. कुणाची हरकत?" त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर पंधरा अंधुक चेहरे अत्यंत एकाग्रतेने स्तब्ध होते. "नाही? आभारी आहे. आरसा नामंजूर." बाबांच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत न दिसलेलं समाधान होतं.

त्यांना सांगावं की न सांगावं, या विचारात अस्मिताचं लक्ष चपलांच्या कपाटाकडे गेलं. राउटरचा दिवा वेड लागल्यासारखा लुकलुकत होता. लॅबमध्ये तर एकच लॅपटॉप, आणि तोही झोपलेला. मग हा बोलतोय कुणाशी?

ती बेडरूममध्ये पळाली, लॅपटॉप उघडून गाइडला टेकवला आणि कोण-कोण जोडलंय त्याची यादी काढली. यादी खाली सरकतच राहिली. लवाटे टॅब. लवाटे टीव्ही. प्रज्ञेश लॅपटॉप. बल्ब एक, बल्ब दोन, बल्ब तीन... आणि सगळ्यात शेवटी, दातार सचिव लॅपटॉप.

तिने रझियाला फोन लावला. "रझिया, माझ्या लॅबमध्ये लोक घुसलेत."

"चोर?"

"शेजारी! त्यांच्या वस्तू! सगळ्या माझ्याकडे येऊन बसल्यात."

"का पण?" रझियाने विचारलं. मग तिलाच काहीतरी सुचलं. "ए, तुझ्या त्या राउटरची नावं काय आहेत?"

"आजींचं 'लवाटे विचारून वापरा' आहे. बदलायचं नाही, अशी अट घातली होती ना त्यांनी. नव्याला पण त्यांनी तेच..." अस्मिता बोलता बोलता थांबली.

"हं," रझिया म्हणाली. "म्हणजे खाली एक लवाटे, वर एक लवाटे. नाव तेच, पासवर्ड तोच, आणि पलंगाखालचा जास्त जवळ. टॅब बिचारा ओळखीच्या माणसाकडे गेला. त्याला काय माहीत, तुझ्या माणसाला रस्ताच माहीत नाही."

प्रज्ञेशदादाचंही तेच. बाबांचंही तेच, घरच्या नव्या राउटरलाही त्यांनी जुनंच नाव ठेवलं होतं. जेवणघरात, फ्रिजमागे होते तोवर त्या राउटरांचा आवाज कुणाच्या घरापर्यंत पोचत नव्हता. आता एकाला खालच्यांच्या डोक्यावर, दुसऱ्याला वरच्यांच्या पायाखाली, आणि तिसऱ्याला बाबांच्या बाजूला तिनेच नेऊन बसवलं होतं.

अस्मिताने तिन्ही बटणं बंद केली.

अर्ध्या मिनिटात जिन्यातून आवाज उठला. "घरातही आलं! आलं!" वर प्रज्ञेशदादाचा जांभळा बल्ब विझला. ती बाहेर आली तेव्हा सगळी सोसायटी तिच्याकडे कौतुकाने बघत होती.

"हिनेच आणलं बघा नेट," सर्जेराव काका म्हणाले. "दातारांची मुलगी हुशार आहे."

"वहीत कौतुकाचा रकाना असता, तर लिहिलं असतं," लवाटेबाई म्हणाल्या.

अस्मिताचे कान गरम झाले. इतकं कौतुक तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि त्यातला एक शब्दही खरा नव्हता. ती तोंड उघडणार, तेवढ्यात हॉलचं दार उघडून बाबा बाहेर आले. हातात इतिवृत्त, चेहरा प्रसन्न.

"अरे वा, सगळे इथेच? सभा फारच शिस्तीत झाली. सगळे ठराव एकमताने झाले. आरसा नामंजूर."

जिन्यातली सगळी डोकी लवाटेबाईंकडे वळली.

"एकमत कोणाचं, आमोद?" लवाटेबाईंनी विचारलं.

पुढची पाच मिनिटं कशी गेली, ते इथे सविस्तर सांगणं बरं नाही. एवढंच, की बाबांनी पायजम्यावरच खाली जाऊन दत्तोबांच्या टेबलावरची वही ओढली.

"साहेब, खुद्द तुम्हीच?" दत्तोबा म्हणाले. "पेन चालतंय का बघा. दोन वर्सं टोपणच काढलं न्हाई."

बाबांनी लिहिलं : 'तक्रार क्रमांक एक. आज सकाळी सभेच्या वेळी इंटरनेट अचानक बंद पडून सचिवांचा वेळ व प्रतिष्ठा वाया गेली.' कारणाच्या रकान्याशी ते अडले. अखेर त्यांनी लिहिलं : 'अज्ञात.' निवारणाचा रकाना कोरा सोडला, सही ठोकली आणि ते वर गेले.

जिन्यातून अस्मिता सगळं बघत होती. अज्ञात. म्हणजे अट शाबूत. तक्रार आली होती, पण तिच्यामुळे आली हे जगात फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली रझिया जीव गेला तरी बोलली नसती. उद्या फॉर्ममध्ये कॉम्प्युटर सायन्स. गप्प बसायचं, बस्स. तिला आनंदाने उडी मारावीशी वाटायला हवी होती. पण 'हुशार आहे' हे शब्द चपलेतल्या खड्यासारखे टोचत होते. नेट तिने आणलं नव्हतं, घालवलं होतं. आणि गंमत म्हणजे, ते कसं गेलं हे शोधून काढलं, तेच खरं हुशारीचं काम होतं, आणि तेच कुणाला सांगता येत नव्हतं!

तिने लवाटेबाईंची बेल वाजवली. एकदाच.

"आजी, नेट मीच घालवलं होतं," ती एका श्वासात म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. पलंग, माळा, एकाच नावाचे दोन राउटर.

लवाटेबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. "मला कशाला सांगतेस? या सोसायटीत तक्रार तोंडी घेत नाहीत, आणि गुन्ह्याची कबुलीही घेत नसावेत. तुला हवंय काय?"

"नाव बदलायची परवानगी."

"बदल की. लग्नात मीही बदललं होतं. आठ दिवस चुकल्यासारखं होतं, मग सवय होते." बाई दार लावता लावता थांबल्या. "आणि तुझा तो निरोप पोचला का तिसऱ्याकडे?"

"पोचतो बहुतेक. पण उत्तर येत नाही."

"उत्तर द्यायला कुठे यायचं, हे सांगितलंयस का त्याला? माझ्याकडे पालकांच्या चिठ्ठ्या यायच्या, खाली पत्ताच नसायचा."

अस्मिता जागच्या जागी थिजली. मग तिने लवाटेबाईंना मिठी मारली, आणि बाई काही म्हणायच्या आत ती वरच्या मजल्यावर होती.

जायचा रस्ता तिने पहिल्याला सांगितला होता. यायचा रस्ता तिसऱ्याला कुणीच सांगितला नव्हता! तिन्ही राउटरना तिने नवी नावं दिली. प्रज्ञेशदादाने फोनवर "दे, दे, फक्त बल्बना परत जांभळं करू नकोस" म्हणून मुभा दिली. तिसऱ्या राउटरमध्ये तिने एकच ओळ घातली : पहिल्याकडे जायचं तर दुसऱ्याला विचार. मग पहिल्याकडून विचारलं, आहेस का?

उत्तर आलं. परत विचारलं. परत आलं. पडद्यावर उत्तरांची रांग लागली, आणि टेकू दिलेला गाइड अस्मिताच्या नाचण्याने धाडकन पडला.

घड्याळात बाराला सात मिनिटं होती. ती खाली धावली.

एक वाजता दातारांकडे पानं वाढली गेली. टेबलावर कुरडया वाळत होत्या, म्हणून सगळे खाली बसले होते. बाबा वरण-भात मुकाट कालवत होते. अस्मिताने पाटाशेजारी तक्रारवही ठेवली. दोरी अजून तिला लोंबत होती.

"वही जागेवरून हलवता येत नाही!" बाबा म्हणाले.

"दत्तोबांनी सोडून दिली. दोन वाजेपर्यंत, म्हणाले. वाचा तर."

बाबांनी चष्मा लावला. कारणाच्या रकान्यातला 'अज्ञात' खोडला होता. त्यापुढे अस्मिताच्या अक्षरात, रकान्याबाहेर सांडत लिहिलं होतं : 'सचिवांच्या मुलीने एकाच नावाचे राउटर शेजाऱ्यांच्या डोक्यावर व पायाखाली ठेवले. सचिवांच्याही शेजारी ठेवला.' खाली तिची सही होती. निवारण कोरंच होतं.

बाबांनी ते दोनदा वाचलं. आईने वाटीतलं तूप त्यांच्या भातावर वाढलं आणि म्हणाली, "तक्रार करणारे तुम्ही, निवारण करणारे तुम्ही, आणि गुन्हेगार घरचीच. कारभार अगदी एकहाती आहे."

"पण लिहिलंस कशाला?" बाबा शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज अपेक्षेपेक्षा बराच खाली होता. "मला कळलंही नसतं."

"म्हणूनच लिहिलं."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग खाकरले. "नियम अकराप्रमाणे तक्रारदार स्वतःची तक्रार मागे घेऊ शकतो. मी घेतो. पान रद्द. म्हणजे तक्रार आलीच नाही, आणि तुझी अट..."

"नको, बाबा," अस्मिता म्हणाली.

आईचा हात तुपाच्या वाटीवरच थांबला.

"तक्रार मागे घ्यायची नाही. दोन वर्षांतली एकुलती एक आहे, आणि खरी आहे. कारण मी शोधलं, निवारणही मी लिहिणार, आणि जेवण झालं की तुम्ही दोघं बेडरूममध्ये येऊन उत्तर येताना बघणार." तिने उजवा हात ताटात तसाच ठेवून डाव्या हाताने पेनचं टोपण काढलं. "अटीत मी हरले, मान्य. तरी अकरावीला मी कॉम्प्युटर सायन्सच घेणार. ठरलंय माझं. तुमची काही तक्रार असली, तर वहीत लिहा. पुढच्या रविवारी, दहा ते बारा."